दळण किती, पीठ किती: गेमवर पैसे घालण्याआधीचा हिशेब

गेल्या मे महिन्यात भाचा आमच्याकडे राहायला आला होता. वय चौदा. रात्री जेवताना एक हात ताटात, दुसऱ्या हातात फोन. विचारलं, "काय खेळतोयस रे?" तर मान वर न करता म्हणाला, "खेळत नाहीये मामा, रोजची कामं उरकतोय."

रोजची कामं म्हणजे गेमने दिलेली. तीन सामने खेळा, पाच जणांना मारा, एकदा दुकानात डोकावून या. एक दिवस चुकला की सलग हजेरीचं बक्षीस गेलं. पोरगं सुट्टीत आलं होतं आणि रात्री साडेनऊला ड्युटीवर होतं.

हा लेख त्याच्यासाठी लिहायला घेतला, पण उपयोग दुसऱ्यांनाही व्हावा. नवा कम्प्युटर किंवा कन्सोल घेतलाय, दुकानात हजारो गेम दिसतायत, कोण म्हणतं 'दोनशे तास चालतो, पैसा वसूल', आणि आपल्याला काही कळत नाही, अशा माणसासाठी.

पहिलं काम: दळण ओळखायला शिका

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून आकडा वाढवत नेणं, याला गेमवाले 'ग्राइंड' म्हणतात. तेच रानडुक्कर शंभरदा मारायचं, तोच दगड फोडायचा, आणि दरवेळी चिमूटभर गुण पदरात पाडून घ्यायचे. आपल्याकडे याला आयता शब्द आहे: दळण. 'काय तेच ते दळण लावलंय' असं आपण वैतागून म्हणतोच की. पण गिरणीतून निदान पीठ घेऊन तरी घरी येतो. गेममधल्या दळणातून काय निघतं, ते दरवेळी डबा उघडून बघावं लागतं.

रूनस्केप घ्या. २००१ पासून चालू असलेला ऑनलाइन गेम. त्यात लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक अशी कौशल्यं ९९ व्या लेव्हलपर्यंत न्यायची असतात. ९९ साठी एकूण १,३०,३४,४३१ गुण लागतात. आणि ९२ साठी? ६५,१७,२५३. म्हणजे ९२ वर पोहोचलेला माणूस जेमतेम अर्ध्या वाटेवर असतो. नवख्याला वाटतं, सातच पायऱ्या राहिल्या, आलंच हातातोंडाशी. म्हणून कुठल्याही गेममध्ये लेव्हलचा आकडा बघू नका, पुढच्या लेव्हलला किती गुण लागतात ते बघा. मागच्या दोन लेव्हलशी ताडून पाहिलं की चढ किती उभा आहे ते लगेच कळतं.

सगळं दळण वाईट, असं मात्र नाही. एल्डन रिंगमध्ये एखादा राक्षस तुम्हाला तीस वेळा लोळवतो. एकतिसाव्या वेळी तुम्ही त्याला पाडता तेव्हा लेव्हल कदाचित तीच असते, पण त्याचा हात कधी उठतो आणि आपण कधी लोळण घ्यायची हे अंगात भिनलेलं असतं. हा रियाझ झाला.

दुसरा प्रकार स्टारड्यू व्हॅलीत दिसतो. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून बनवलेला हा शेतीचा गेम २०१६ मध्ये आला. सुरुवातीला झारीने एकेका रोपाला पाणी घालायचं, त्यातच सकाळ जाते आणि अंगातली ताकदही. कंटाळा येतोच. पण काही आठवड्यांनी (गेममधल्या) तुम्ही तुषार सिंचनाचे नळ बसवता आणि पाणी घालायचं काम कायमचं सुटतं. मग मोकळा वेळ खाणीत घालवा, गावात फिरा, नाहीतर मासे धरत बसा. चांगल्या गेमची ही खूण मी धरून चाललो आहे: आज जे काम हाताने करतोय, ते दहा तासांनंतर गेम माझ्याकडून काढून घेतो का?

तिसरा प्रकार घाण्याच्या बैलाचा. तुमचा आकडा वाढतो तसा शत्रूचाही वाढतो, आणि तुम्ही जिथल्या तिथे. याच्याच जोडीला कधीकधी दुकान लावलेलं असतं. असॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८) हा पूर्ण किमतीला विकलेला, एकट्याने खेळायचा गेम. पण त्याच्या आतल्या दुकानात गुण कायमचे दीडपट वेगाने मिळवून देणारी वस्तू वेगळे पैसे घेऊन विकायला ठेवली होती. अशा ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: वेग विकायचा असेल, तर मुळातला वेग कमी कोणी ठेवला?

चौथ्यात तर दळायचंही नसतं, नुसतं गिरणीबाहेर बसायचं. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये वरच्या पातळीवर एकेका इमारतीची बढती कित्येक दिवस चालते. थांबायचं नसेल तर पैशांनी मिळणारे हिरे मोजा.

आता एक किस्सा, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला. त्याआधी चाचणीच्या काळात तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने नियम केला होता की सलग फार वेळ खेळलात तर गुण निम्मे मिळतील. हेतू चांगला, लोकांनी उठून पाय मोकळे करावेत. खेळणारे खवळले. मग कंपनीने आकडे जवळपास तेच ठेवून नावं बदलली. आधीचे पूर्ण गुण आता 'विश्रांतीचा बोनस' म्हणून दुप्पट दिसू लागले आणि आधीचे निम्मे गुण 'नेहमीचे' झाले. तक्रारी थांबल्या. गेममध्ये 'आज दुप्पट!' असं काही झळकलं की मला हे आठवतं आणि मी विचारतो, कशाच्या दुप्पट?

दुसरं काम: तास बघा, पण फरकावर नजर ठेवा

हाऊ लाँग टू बीट नावाची साइट आहे. तिथे प्रत्येक गेमपुढे मुख्यतः तीन आकडे असतात: नुसती मुख्य कथा संपवायला किती तास, कथा आणि थोडं इकडचं तिकडचं केलं तर किती, आणि शेवटचा कोपरा न् कोपरा धुंडाळला तर किती. आकडे खेळणाऱ्यांनीच भरलेले असतात, म्हणून बरेचसे भरवशाचे.

बहुतेक जण तिसरा आकडा बघून खूश होतात. मी पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक बघतो. विचर ३ ची कथा पन्नासेक तासांची आणि सगळं करायचं म्हटलं तर दीडशेच्या पुढे. तिथे फरक मोठा असला तरी बाजूच्या कामांनाही स्वतःच्या गोष्टी आहेत. एखाद्या खेडूत म्हातारीचं छोटंसं काम घ्यावं आणि त्यातून भलतंच काही निघावं, असं त्यात होतं. दुसऱ्या एखाद्या गेममध्ये तितकाच फरक नकाशावर विखुरलेली तीनशे पिसं गोळा करण्यात जातो. फरक कशाने भरला आहे ते कळण्यासाठी वीस मिनिटांचा कुठलाही व्हिडिओ बघा, पण सुरुवातीचा नाही, मधला. खेळून तिसाव्या तासाला पोहोचलेल्या माणसाचा.

आणि छोट्या आकड्याला घाबरू नका. पोर्टल (२००७) तीनेक तासांत संपतो. त्यात एकही कोडं दुसऱ्यांदा येत नाही म्हणावं इतकी नेमकी बांधणी आहे. मल्टिप्लेक्सला अडीच तासांना तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग धरून किती जातात ते आपण मोजत नाही आणि तीन तासांचा गेम मात्र 'एवढासाच?' म्हणून ठेवून देतो.

तिसरं काम: खरी किंमत काढा

पाटीवरची किंमत हा फक्त पहिला आकडा. हल्ली मोठे गेम शंभर जीबी सहज खातात. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर तो उतरवायला पन्नास दिवस लागतील, म्हणजे घरी ब्रॉडबँड हवं नाहीतर मित्राकडे लॅपटॉप घेऊन जायचं. वीज: ग्राफिक्स कार्ड असलेला कम्प्युटर खेळताना चारशे वॅट ओढतोय असं धरा. शंभर तासांचे चाळीस युनिट. युनिटला दहा रुपये पकडले तरी चारशे रुपये झाले. पाचशेच्या आतला स्टारड्यू दोनशे तास खेळलात तर वीज गेमपेक्षा महाग पडू शकते (तो साध्या लॅपटॉपवर चालतो हे सुदैव). शिवाय ऑनलाइन खेळायला कन्सोलवर वेगळी वर्गणी, मागाहून येणारे जादा भाग, भरलेल्या हार्ड डिस्कवर आणखी एक.

वर्गणीवर एक सूचना. पहिला महिना कधीकधी नाममात्र किमतीला देतात आणि पुढचे महिने खात्यातून आपोआप कापले जातात. ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट रद्द करून टाका. पैसे भरलेला महिना सहसा तरीही पुरा मिळतो. मी एकदा विसरलो आणि न उघडलेल्या वर्गणीचे पाच महिने भरले. बायकोने पासबुकात दाखवलं तेव्हा कळलं.

चौथं काम: पहिले दोन तास वाया घालवू नका

स्टीमवर (कम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. कारण सांगावं लागतं, पण 'आवडला नाही' हेही चालतं. नवखे इथे चुकतात ते असे: पाऊण तास आपल्या पात्राचं नाक आणि केस ठरवण्यात जातो, अर्धा तास मेनू उघडा ठेवून चहा. घड्याळ तेव्हाही चालूच असतं. नाक कसंही ठेवा, थेट खेळायला लागा.

आणि बघायचं काय? चित्रं, संगीत, सुरुवातीचा थरार या गोष्टी सगळेच सजवून ठेवतात. तुम्ही ते एक काम शोधा जे या गेममध्ये हजारदा करायचं आहे. गोळी मारणं असेल तर गोळी मारून बघा, उडी असेल तर उडी. ते काम बक्षिसाशिवाय करायला हाताला बरं वाटतंय का? मी पंधरा मिनिटं मुद्दाम कुठलंही उद्दिष्ट न घेता नुसता तेवढंच करत राहतो. कंटाळलो तर रिफंड.

ही चाचणी पुरेशी नाही, हे कबूल. दळण बहुतेक वेळा दहाव्या-पंधराव्या तासानंतर सुरू होतं, तेव्हा रिफंडची मुदत गेलेली असते. त्यावर उपाय रिव्ह्यूंमध्ये आहे. स्टीमच्या रिव्ह्यूंना खेळलेल्या तासांची चाळणी लावता येते. तीस-चाळीस तासांपेक्षा जास्त खेळलेल्यांचे फक्त नकारात्मक रिव्ह्यू वाचा. दोन तासांत चिडून गेलेला माणूस आणि साठ तास देऊन मग नाराज झालेला माणूस यांच्या तक्रारीत फार फरक असतो. दुसऱ्याला आतलं सगळं माहीत असतं.

पाचवं काम: शेकडेवारीला फसू नका

अमुक राक्षस मारला की तमुक रत्न मिळण्याची शक्यता दोन टक्के. नवखा म्हणतो, म्हणजे पन्नासदा मारला की मिळणार. नाही. पन्नास वेळा मारूनही शंभरातले साधारण छत्तीस जण रिकाम्या हाताने बसलेले असतात. शंभर वेळा मारून झाल्यावरसुद्धा तेरा जण उरतात. एका फेरीला पंधरा मिनिटं धरा: पन्नास फेऱ्या म्हणजे साडेबारा तास, आणि हमी कशाचीच नाही. मॉन्स्टर हंटर खेळणारे गमतीने म्हणतात की गेममध्ये 'डिझायर सेन्सर' बसवलाय, तुम्हाला काय हवंय ते त्याला कळतं आणि तेच तो देत नाही. असं काही नसतं, पण पुढची फेरी आधीच्या फेऱ्या लक्षात ठेवत नाही हे मात्र खरं. काही गेम ठराविक प्रयत्नांनंतर वस्तू नक्की देतात. तशी हमी आहे का, हे दळायला बसण्याआधी शोधा.

सहावं काम: फुकट गेमची किंमत रुपयांत लिहा

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात फोनवरच्या फुकट गेमने होते आणि सगळ्यात जास्त पैसेही तिथेच जातात.

गेन्शिन इम्पॅक्ट (२०२०) दिसायला देखणा, खेळायला खरोखर चांगला आणि पूर्ण फुकट. नवी पात्रं सोडतीतून मिळतात, एक खेप म्हणजे एक सोडत. पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ पात्र मिळण्याची मूळ शक्यता दर खेपेला ०.६ टक्के. नव्वदाव्या खेपेला पंचतारांकित नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची हमी पहिल्यांदा नसते. दुसऱ्यांदा असते. म्हणजे नशीब अगदीच फिरलं तर १८० खेपा. एका खेपेला १६० रत्नं, म्हणजे २८,८०० रत्नं. सगळ्यात मोठ्या पाकिटात बोनस धरून ८,०८० येतात, अमेरिकेत त्याची किंमत ९९.९९ डॉलर. पहिल्या खरेदीची सवलत सोडली तर अशी चार पाकिटं लागतील. एका पात्राला. गेम खेळून रत्नं फुकटही मिळतात, पण सावकाश, आणि तिथेच दळण येतं. शिवाय काही बक्षिसं उचलायला गेममधली 'ताकद' खर्चावी लागते, ती आठ मिनिटांना एक या दराने भरते आणि कमाल २०० ला थांबते. म्हणजे सव्वीस तास चाळीस मिनिटांत डबा भरून वाहायला लागतो. दिवसातून एकदा यावंच लागेल, अशी ही मुदत आहे.

रुपये, मग नाणी, मग रत्नं, मग खेपा: दोन-तीनदा चलन बदललं की माणसाला किमतीचं भान राहत नाही. परदेशात फिरताना होतं तसं. म्हणून एक कागद घ्या आणि हवी ती वस्तू शेवटपर्यंत रुपयांत उतरवा. पाकिटं अशा आकड्यांची असतात की थोडी नाणी हमखास उरतात आणि ती संपवायला पुढचं पाकीट घ्यावंसं वाटतं. उरलेली नाणी खर्चातच धरा.

पूर्ण पैसे मोजलेल्या गेममध्येही हे शिरतं. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ येण्याच्या तोंडावर खेळणाऱ्यांनी हिशेब मांडला की डार्थ व्हेडर हे पात्र हातात यायला ६०,००० क्रेडिट्स (गेममधलं चलन), म्हणजे सुमारे चाळीस तास लागतील. गेम तर विकतचा. कंपनीने रेडिट या चर्चेच्या साइटवर उत्तर दिलं की मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून असं केलंय. त्या उत्तराला सहा लाखांहून जास्त जणांनी नापसंती दिली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. किंमत १५,००० वर आली आणि बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी आतली खरेदीच बंद केली गेली. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या नियामकांनी पैसे देऊन नशीब आजमावायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण या पेट्यांइतकी दुसरीकडे कुठे बसलेली मी पाहिली नाही.

घरात मुलं असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचा पर्याय आजच लावा. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करा, नंतर गेम बनवणाऱ्यांच्या दारात जावं लागतं.

सातवं काम: दळायचंच असेल तर

कधीकधी गेम आवडलेला असतो आणि मध्ये एक कंटाळवाणा पट्टा येतो. तेव्हा काय करावं?

एकट्याने खेळायचा गेम असेल तर आधी काठिण्य कमी करा. कोणी बघत नाहीये. कम्प्युटरवर मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल असतात, गुण दुप्पट देणारे, मासेमारी सोपी करणारे, ते लावा. पैसे तुमचे, संध्याकाळ तुमची. ऑनलाइन गेममध्ये मात्र हे करू नका. बॉट (आपल्याऐवजी खेळणारा प्रोग्राम) लावला किंवा बाहेरच्या माणसाकडून नाणी घेतली तर खातं कायमचं बंद होऊ शकतं आणि त्या विक्रेत्यांत ठगही पुष्कळ.

दळायला बसताना फेऱ्या ठरवून बसा, वेळ नाही. 'दहा फेऱ्या' म्हटलं तर संपतात. 'ते रत्न मिळेपर्यंत' म्हटलं तर रात्रीचे दोन वाजतात. आणि कान रिकामे ठेवू नका. पूर्वी बायका जात्यावर बसल्या की ओवी गायच्या, दळण हाताचं आणि मन भलतीकडे. मी एका गेममध्ये धातू खणता खणता कितीतरी पॉडकास्ट ऐकून संपवले. आता मागे वळून बघतो तर पॉडकास्ट आठवतात, धातू कशासाठी हवा होता ते नाही.

पैसे टाकून दळण टाळण्याबद्दल विचाराल, तर डायब्लो ३ चं लक्षात ठेवा. २०१२ मध्ये त्यात खऱ्या पैशांचा लिलाव होता. चांगलं हत्यार राक्षस मारून मिळवण्यापेक्षा विकत घेणं सोपं झालं, आणि मग राक्षस मारायचे कशाला हाच प्रश्न पडला. १८ मार्च २०१४ ला ब्लिझार्डने तो लिलाव स्वतःच बंद केला. जो भाग टाळायला पैसे द्यावेसे वाटतात तोच जर सगळा गेम असेल, तर पैसे देऊन उरतं काय?

आठवं काम: वही

ताशी किती रुपये पडले, हा हिशेब सगळे सांगतात. मी त्यात एक दुरुस्ती करतो. प्रत्येक बैठकीनंतर तारीख, तास आणि एक अक्षर लिहितो. म म्हणजे मजा आली. स म्हणजे सवयीने बसलो. ढ म्हणजे ढकलली. महिन्याच्या शेवटी फक्त म चे तास मोजायचे.

तीन हजारांचा एक गेम मी नव्वद तास खेळलो. ताशी तेहतीस रुपये, झकास वाटतं. वहीत म चे तास निघाले पस्तीस. ताशी शहाऐंशी झाले. त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या पंचावन्न तासांचं काय करायचं ते त्या भागाकारात कुठेच बसत नव्हतं. सलग तीन वेळा स किंवा ढ आलं की मी गेम काढून टाकतो. संपला नसला तरी. सेव्ह फाइल बहुधा क्लाउडवर राहते, जीव अडकलाच तर परत येता येतं.

सुरुवात कशाने करू?

पहिल्या महिन्यात नवा महागडा गेम घेऊच नका. एपिक गेम्स स्टोअर २०१८ च्या डिसेंबरपासून सतत फुकट गेम देत आलंय, सध्या दर गुरुवारी. खातं उघडा आणि घेत राहा, खेळलात नाही तरी चालेल. विकतचे दोन घ्या. एक पोर्टल, म्हणजे काहीही न दळता गेम कसा असतो ते कळेल. दुसरा व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स. तो बनवणारा लुका गालान्ते आधी जुगाराच्या गेमच्या धंद्यात होता, आणि पेटी उघडताना होणारी ती रोषणाई, तो नाण्यांचा खळखळाट त्याने तिथूनच उचललाय. फक्त इथे खिशात हात घालत नाही. फेरी सहसा जास्तीत जास्त अर्ध्या तासाची. दळणाची ओढ म्हणजे काय ते थोड्या पैशांत अनुभवायला याहून बरी जागा मला माहीत नाही.

बाकी सगळं स्टीमच्या विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. मोठा सेल जूनअखेरीस आणि दुसरा डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतो. सेलची किंमत खरंच कमी आहे का, हे इझ देअर एनी डील या साइटवर जुन्या किमती बघून ठरवा.

भाच्याला मी वही दिली. दोन आठवड्यांनी फोन आला. रोजच्या कामांपुढे चौदा वेळा ढ लागला होता, आणि मित्रांबरोबर शनिवारी खेळलेल्या दोन सामन्यांपुढे म. "मग काढून टाकलास?" विचारलं. म्हणाला, "नाही मामा. शनिवारचं ठेवलंय."